लोखंड जळत नाही, मग आगीत शेड का पडतं?



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली सुरू झालेलं हे नाट्यगृह. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत त्या नाट्यगृहाच्या आठवणी आहेत, त्यामुळे मुलांनीही घरच्यांच्या मोबाइलवर ते फोटो पाहिले होते. शाळा भरल्यावर विज्ञानाच्या तासाला पहिला प्रश्न तोच आला. "सर, भिंती उभ्या राहिल्या, छप्पर मात्र खाली आलं. असं का?"

जुन्या वास्तूत लाकूड असतं, पडदे असतात, ते पेटतात, एवढं मुलांना लगेच पटलं. पण आठवीतल्या एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला. "सर, आपल्या हॉलच्या छपराला तर लाकूडच नाही. सगळं लोखंड आणि पत्रा. म्हणजे आपला हॉल कधी पडणारच नाही ना?"

वर्गातल्या बहुतेकांनी "हो, नाहीच पडणार" असं उत्तर दिलं. नंतर पालक सभेत मी हाच प्रश्न मोठ्यांना विचारला, तर तिथेही तेच उत्तर. लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी शेड आगीत सुरक्षित, असं आपण सगळे धरून चालतो. हा समज अर्धा खरा आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यातच आहे. आपल्या भागातली मंगल कार्यालयं, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतले कारखाने, साताऱ्याची औद्योगिक वसाहत, तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, हळदीची गोदामं आणि आता शाळांचे हॉलसुद्धा लोखंडी कैच्यांवर उभे आहेत. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

वितळायची गरजच नसते

पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. इमारतीतल्या आगीचं तापमान बहुधा ८०० ते १००० अंशांच्या आसपास जातं, क्वचित त्याच्याही वर. म्हणजे साध्या आगीत पोलाद वितळत नाही, हे बरोबर. पण शेड पडायला पोलाद वितळावं लागत नाही. ते मऊ झालं तरी पुरतं.

हे समजायला लोहाराच्या भात्यापाशी जाऊ. कुदळीचं टोक पुन्हा काढायचं असेल तर लोहार ती वितळवत नाही. भट्टीत लाल करतो, ऐरणीवर धरतो आणि घणाचे घाव घालतो. गार असताना जी कुदळ मुरूम फोडते, तीच लाल झाली की हवा तसा आकार घेते. आता कल्पना करा, ही कुदळ लोहाराच्या सांडशीत नाही, तर आपल्या डोक्यावर कैची म्हणून बसली आहे. तिच्यावर पत्रे, पंखे, दिवे, कधी सोलर पॅनेल असं ओझं आहे. खाली आग लागली. घणाचं काम आता ते ओझंच करतं.

अंधारात लोखंड जेमतेम तांबूस दिसू लागतं ते ५०० ते ५५० अंशांच्या सुमारास. आणि त्याच सुमारास त्याची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते. म्हणजे डोळ्यांना लाली दिसेपर्यंत वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.

धाव बसवताना काय होतं?

दुसरी गोष्ट प्रसरणाची. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव कशी बसवतात, हे आजोबांना विचारा. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत तापवली की ती मोठी होते, मग चाकावर बसते. वरून पाणी ओतलं की आवळते आणि चाक घट्ट धरते. लोखंड तापल्यावर वाढतं आणि ती वाढ अडवली तर प्रचंड जोर लावतं, हे आपल्या गावगाड्याला पुस्तकाआधीच माहीत होतं.

आता हिशेब करू. पोलादाची एक मीटर लांबी एक अंश तापमानवाढीला सुमारे ०.०००१२ सेंटिमीटर नव्हे, तर ०.००१२ सेंटिमीटर वाढते. (ही चूक मी फळ्यावर एकदा केली होती, म्हणून मुद्दाम लिहिलं. मुलांकडून दशांश चिन्ह तपासून घ्या.) १० मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली, तर वाढ किती? १० × ५०० × ०.००१२, म्हणजे ६ सेंटिमीटर. चार बोटांएवढी. दोन्ही टोकांना भिंत किंवा खांब असेल तर ही तुळई एक तर भिंत बाहेर ढकलते, नाहीतर स्वतः वाकते. लांबी वाढायला जागा मिळावी म्हणून रुळांच्या सांध्यांत फट ठेवतात हे आपण शिकवतो. तेच तत्त्व इथे आहे, फक्त तापमानवाढ उन्हाच्या कितीतरी पट जास्त.

याचं जगात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांवर विमानं आदळली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच आवारातली सात क्रमांकाची ४७ मजली इमारत विमान न आदळताच संध्याकाळी कोसळली. तिच्यात सुमारे सात तास आग धुमसत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००८ साली दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की, तापून लांबलेल्या तुळयांनी एका मुख्य तुळईला तिच्या बैठकीवरून ढकललं आणि तिथून पडझड सुरू झाली. म्हणजे धाव बसवताना दिसतं तेच प्रसरण, पण एवढ्या मोठ्या इमारतीत.

लाकूड पेटतं, तरी तुळई का टिकते?

वाईत किंवा साताऱ्यात जुने वाडे पाहिले असतील. त्यांच्या सागवानी तुळया हातभर जाडीच्या. मुलांना विचारा, आगीत आधी कोण पडेल, सागाची जाड तुळई की लोखंडी? सगळी मुलं सागाचं नाव घेतात.

लाकूड पेटतं हे खरं. पण त्याचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. जाड लाकूड एका मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत जळत जातं. अर्ध्या तासात दोनेक सेंटिमीटर. तुळई जाड असेल तर आतला गाभा अजून थंड आणि भक्कम असतो.

लोखंड याच्या उलट. ते उष्णतेचं सुवाहक आहे, लाकडाच्या शेकडो पट. एका बाजूने तापलं की सगळंच तापतं. शिवाय लोखंड महाग म्हणून आपण ते पातळ वापरतो. पातळ वस्तू लवकर तापते, हे स्वयंपाकघरात कोणीही सांगेल. जाड बिडाचा तवा तापायला वेळ लागतो, पातळ पत्र्याची पळी क्षणात तापते. कैचीचे अँगल, पत्र्याखालच्या पर्लिन ही सगळी पळीच्या जातीची.

याचा अर्थ लाकडी छप्पर चांगलं आणि लोखंडी वाईट, असा कृपया काढू नका. लाकडाची पातळ फळी, आढं, रिपा झपाट्याने पेटतात आणि आग पसरवतात. लोखंड आग पसरवत नाही, हा त्याचा मोठा गुण. मुद्दा एवढाच की "जळत नाही" आणि "आगीत टिकतं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आता आकडे: आयएस ८०० काय सांगतं?

भारतात पोलादी बांधकामाचा आराखडा कसा करावा, याचं मानक म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं आयएस ८००. त्याच्या २००७ च्या आवृत्तीतलं सोळावं प्रकरण फक्त आगीबद्दल आहे. त्यातलं एक सूत्र इतकं सोपं आहे की आठवी-नववीची मुलं ते सोडवू शकतात.

२१५ अंशांपर्यंत पोलादाची ताकद पूर्ण धरायची. त्यानंतर ९०५ मधून तापमान वजा करायचं आणि ६९० ने भागायचं. जे उत्तर येईल तेवढी ताकद शिल्लक. आमच्या मुलांनी काढलेली उत्तरं अशी:

- ३०० अंश: सुमारे ८८ टक्के
- ४०० अंश: सुमारे ७३ टक्के
- ५०० अंश: सुमारे ५९ टक्के
- ६०० अंश: सुमारे ४४ टक्के
- ७०० अंश: सुमारे ३० टक्के
- ८०० अंश: सुमारे १५ टक्के

९०५ अंशांना उत्तर शून्य येतं. पोलाद अजून वितळलेलं नाही, पण हिशेबात त्याचा आधार संपला. आलेख काढला तर २१५ पर्यंत आडवी रेघ आणि पुढे सरळ उतरण. मुलांना आलेख वाचायला शिकवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ताकदीबरोबर ताठपणाही कमी होतो. याच मानकाप्रमाणे ६०० अंशांना पोलादाचा ताठपणा निम्म्यावर येतो. म्हणून उंच, सडपातळ खांब तुटण्याआधी बाजूला लचकतो.

याच प्रकरणातलं दुसरं सूत्र जास्त उपयोगी आहे. एखादी तुळई किती अंशांना हार मानेल? त्यासाठी आधी पाहायचं की आगीच्या वेळी तिच्यावर तिच्या क्षमतेच्या किती हिस्सा ओझं आहे. त्या हिश्श्याला ६९० ने गुणायचं आणि उत्तर ९०५ मधून वजा करायचं. ओझं क्षमतेच्या निम्मं असेल तर ९०५ वजा ३४५, म्हणजे ५६० अंश. ओझं क्षमतेच्या ७० टक्के असेल तर ९०५ वजा ४८३, म्हणजे ४२२ अंश.

इथे थोडं थांबू या. शेड बांधल्यावर आपण त्यावर काय काय चढवतो? पाण्याची टाकी, सोलर पॅनेल, खालून टांगलेलं फॉल्स सीलिंग, स्नेहसंमेलनाची लाइटची चौकट. रोजच्या दिवशी शेड हे सगळं सहन करतं, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण आगीच्या दिवशी त्याच शेडची सहनशक्ती १३८ अंशांनी कमी झालेली असते.

अंशांवरून मिनिटांकडे

पालकांना अंशांशी देणंघेणं नसतं. त्यांना विचारायचं असतं, "माझ्या मुलाला बाहेर पडायला किती वेळ?" मानकांचाही शेवटचा प्रश्न तोच असतो. म्हणून बांधकामाचा आगीतला टिकाऊपणा तासांत आणि मिनिटांत मोजतात.

त्यासाठी प्रयोगशाळेत भट्टी असते. जगभर ठरलेल्या एका आलेखाप्रमाणे ती तापवतात. पाच मिनिटांत सुमारे ५७५ अंश, दहा मिनिटांत ६८०, अर्ध्या तासात ८४० आणि तासाभरात ९४५. भारतात अशा चाचणीसाठी आयएस ३८०९ हे मानक आहे. खरी आग अगदी अशीच वाढते असं नाही. उंच छपराच्या मोठ्या हॉलच्या कोपऱ्यातली आग वेगळी, कागदांनी भरलेल्या बंद खोलीतली वेगळी. पण तुलना करायला एक समान माप हवं, म्हणून हा आलेख.

या मापाने ३०० मिलिमीटर उंचीची नेहमीची आय आकाराची तुळई घेऊ. बाजारात जी सर्रास मिळते तीच. काहीही संरक्षण नाही, चारही बाजूंनी आग, ओझं क्षमतेच्या निम्मं. आयएस ८०० च्या सूत्राने उत्तर येतं सुमारे १५ मिनिटं. ओझं ७० टक्के असेल तर दहा-अकरा मिनिटं. आणि पर्लिनसारखे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे भाग त्याहूनही आधी वाकतात.

आमच्या शाळेपासून अग्निशमन केंद्र वीसेक किलोमीटरवर आहे. मध्ये बाजाराचं गाव, त्यात उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम. बंब कितीही तातडीने निघाला तरी पंधरा मिनिटांत पोचणं अवघड. वर्गात ही दोन आकड्यांची तुलना झाली तेव्हा पहिल्यांदाच मुलं गप्प झाली.

आणि खरं सांगायचं तर ही १५ मिनिटंही मुलांची नव्हेत. आगीत माणसं बहुधा छप्पर पडून नाही, तर धुरात गुदमरून दगावतात, आणि धूर काही मिनिटांत हॉल भरून टाकतो. म्हणून १५ मिनिटं हा बांधकामाचा हिशेब. माणसांनी दोन-तीन मिनिटांत बाहेर असलं पाहिजे.

२५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमिंग झोनमध्ये काय झालं ते आठवा. लोखंडी सांगाडा आणि पत्र्यांची दुमजली जागा. वेल्डिंगचं काम सुरू असताना ठिणग्यांनी आग लागली आणि काही मिनिटांत सगळीकडे पसरली. २७ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती. ती सुट्टीत खेळायला आली होती.

काहिलीचं गुपित आणि लोखंडाचं पांघरूण

कराड-सांगली पट्ट्यातल्या मुलांना गुऱ्हाळ माहीत असतं. चुलवणात चिपाडांचा जाळ धडधडत असतो आणि वर लोखंडी काहील तासन् तास बसलेली असते. तिचं काही बिघडत नाही. का? कारण तिच्यात रस असतो. उकळणारा रस लोखंडाची उष्णता सतत घेत राहतो, त्यामुळे काहिलीचं तापमान रसाच्या आसपासच राहतं. रिकामी काहील पेटत्या चुलवणावर ठेवायला गुळव्या कधीच तयार होणार नाही. तिचा तळ लाल होऊन वेडावाकडा होईल, हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

म्हणजे लोखंड वाचवायचा एक मार्ग म्हणजे त्याची उष्णता काढून घेणं. काही देशांत इमारतींचे पोकळ पोलादी खांब पाण्याने भरलेले असतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा यू. एस. स्टील टॉवर हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. छताला लावलेले पाण्याचे स्प्रिंकलरही हेच काम करतात, शिवाय आग वाढू देत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे पांघरूण. लोखंडाभोवती काँक्रीट, जिप्समचे बोर्ड किंवा व्हर्मिक्युलाइटसारख्या खनिजाचा गिलावा. याने उष्णता आत पोचायला वेळ लागतो आणि १५ मिनिटांचे एक, दोन किंवा जास्त तास करता येतात.

तिसरा मार्ग मुलांना सगळ्यात आवडतो. तो म्हणजे फुगणारा रंग. दिसायला साधा रंग, जाडी एक-दोन मिलिमीटर. आग लागली आणि तापमान २०० अंशांच्या पुढे गेलं की तो भाकरीसारखा फुगतो. जाडी अनेक पटींनी वाढते आणि लोखंडाभोवती हलका, सच्छिद्र कोळशाचा थर तयार होतो. सागाच्या तुळईवरचा कोळसा जे काम करतो, तेच हा करतो. मात्र नेहमीचा रेड ऑक्साइड किंवा ऑइल पेंट हे काम करत नाही. तो गंजापासून वाचवतो, आगीपासून नाही. दुकानदाराने डब्यावर "फायरप्रूफ" लिहिलेलं दाखवलं तरी चाचणीचं प्रमाणपत्र आणि किती जाडीला किती मिनिटं, हे विचाराच.

स्लॅबच्या इमारतीत राहणाऱ्यांनी हे वाचून निश्चिंत होऊ नये. काँक्रीटच्या आतही पोलादाचे गज असतात आणि त्यांचं पांघरूण म्हणजे वरचं काँक्रीट, ज्याला मिस्त्री कव्हर म्हणतात. आयएस ४५६ या मानकात आगीसाठी हे कव्हर किती हवं याचा तक्ता आहे. साध्या आधारावरच्या तुळईला तासभर टिकायला २० मिलिमीटर, दोन तासांसाठी ४० मिलिमीटर. शाळेच्या व्हरांड्यात पापुद्रे निघून गज उघडे पडलेले असतील, तर तो फक्त गंजाचा प्रश्न नाही. त्या जागी गजाचं आगीपासूनचं पांघरूणही गेलेलं आहे.

नियम काय म्हणतात?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेबद्दल आहे. इमारतीचा प्रत्येक भाग किती तास टिकावा यावरून त्यात बांधकामाचे चार प्रकार केले आहेत. त्यात पोलादाबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की, ५०० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त क्षेत्राच्या इमारतीतले भार घेणारे पोलादी खांब आणि तुळया आगीत कोसळू नयेत म्हणून संरक्षित हव्यात.

५०० चौरस मीटर म्हणजे किती? ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मंगल कार्यालय ६०० चौरस मीटरचं होतं. पुढच्या लग्नाला गेलात की अक्षता पडेपर्यंत वर पाहा. कैच्यांना कसलं आवरण दिसतं का, आणि बाहेर पडायची दारं किती, हे मोजा. आमच्या शाळेचा हॉल २४ बाय १२, म्हणजे २८८ चौरस मीटर. तो या मर्यादेच्या आत आहे. पण आग चौरस मीटर मोजून लागत नाही.

महाराष्ट्रात याशिवाय आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यात जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकलेली आहे. बसवलेली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै असं दोनदा द्यायचं असतं.

शाळांसाठी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. तिथे छप्पर गवताचं होतं. त्या घटनेनंतर अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ ला निकाल दिला आणि सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. अग्निशामक नळकांडी, शिक्षकांचं प्रशिक्षण, इमारतीची सुरक्षा यांबद्दल शाळांना त्यात आदेश आहेत. त्यानंतर पुष्कळ शाळांनी गवत, ताट्या काढून लोखंड आणि पत्रा घातला. ते योग्यच झालं. फक्त तिथे आपण "आता काही भीती नाही" म्हणून थांबलो.

वर्गात करून पाहा

दोन प्रयोग सोपे आहेत. दोन्ही शिक्षकांनी स्वतः करायचे, मुलांनी दोन हात लांबून पाहायचं, शेजारी पाण्याची बादली ठेवायची.

पहिला: दोन स्टँडमध्ये बांधकामाची बारीक तार ताणून बांधा. मधोमध छोटं वजन लटकवा. मागे कागदावर तारेची जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. आता स्पिरिटच्या दिव्याने तार तापवा. वजन खाली येतं. दिवा काढा. तार गार झाल्यावर वजन थोडं वर जातं, पण पहिल्या खुणेपर्यंत परत जात नाही. जेवढं वर गेलं ते प्रसरण होतं. जे कायमचं खाली राहिलं, ते तार मऊ होऊन ओढली गेल्यामुळे. शेडच्या बाबतीत घडणाऱ्या दोन्ही गोष्टी एका तारेत दिसतात.

दुसरा: कागदाच्या पेल्यात पाणी भरून मेणबत्तीवर धरा. पेला जळत नाही. रिकामा पेला लगेच पेटतो. ही आपली काहील.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात. आगीतून निघालेलं लोखंड पुन्हा वापरता येतं का? साधं पोलाद फार तापलं नसेल आणि सरळ राहिलं असेल तर गार झाल्यावर त्याची बरीचशी ताकद परत येते. पण ते फक्त डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. उच्च ताकदीचे बोल्ट आणि टीएमटी गज यांची ताकद मुळात कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, ती जास्त तापल्यावर कायमची कमी होऊ शकते. म्हणून जळालेल्या शेडचं सामान स्वस्तात मिळतंय म्हणून शाळेला आणू नका. आधी अभियंत्याकडून तपासून घ्या.

आम्ही काय केलं?

शाळेच्या हॉलला फुगणारा रंग लावण्याएवढे पैसे आमच्याकडे नाहीत. पण मुलांच्या प्रश्नानंतर बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या गोष्टी आम्ही केल्या.

हॉलच्या एका टोकाला खेळाच्या फोमच्या गाद्या, जुने पेपर आणि मोडकी बाकं रचलेली होती. आगीला लागणारं सगळं सामान आम्हीच कैचीखाली नेऊन ठेवलं होतं. ते हलवलं. पोषण आहाराचे सिलिंडर हॉलच्या भिंतीपासून दूर नेले. हॉलच्या मागच्या दाराला कुलूप असायचं, ते काढून आतून उघडणारी कडी बसवली. वेल्डिंगचं कोणतंही काम मुलं शाळेत असताना करायचं नाही, आणि केलं तर पाण्याची बादली आणि एक माणूस काम संपल्यावरही तासभर तिथे थांबेल, असं ठरवलं. छपरावर नवीन काही बसवण्याआधी अभियंत्याला विचारायचं, हेही ठरलं.

मग सराव घेतला. पहिल्या दिवशी हॉल रिकामा व्हायला साडेसहा मिनिटं लागली. मुलं चपला शोधत होती, दप्तरं उचलत होती, आणि सगळी एकाच दाराकडे धावली. आम्ही शिक्षकही ओरडण्यापलीकडे फारसं काही करत नव्हतो. चौथ्या सरावाला वेळ अडीच मिनिटांवर आला. १०१ आणि ११२ हे दोन्ही नंबर आता पाचवीतल्या मुलांनाही पाठ आहेत.

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला मी शेवटी उत्तर दिलं. "आपला हॉल आगीत पडू शकतो. पण तो पडायच्या खूप आधी तू बाहेर असशील, एवढं आपण करू शकतो." त्याने लगेच विचारलं, "सर, मग आमच्या चुलत्याच्या बेदाण्याच्या शेडला मागचं दार आहे का, ते बघून येऊ?"

तुमच्या शाळेच्या हॉलला, गावच्या मंगल कार्यालयाला, तुम्ही काम करता त्या शेडला दुसरं दार आहे का? ते उघडतं का? या आठवड्यात मुलांना घेऊन पाहून या, आणि हॉल रिकामा व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा.